सुई कोणाच्या हातात?

आपल्या घराघरांतून लहान मुलांसाठी जे शिवले जाते, विणले जाते आणि हाताने घडविले जाते, त्याचा विचार राजकीय साप्ताहिकाच्या पानावर करावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. महागाई, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची परवड असे तातडीचे विषय समोर असताना झबली-टोपडी आणि चिंध्यांच्या बाहुल्या यांवर शाई खर्च करणे हा निवृत्त प्राध्यापकाचा फावल्या वेळचा छंद आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या श्रमाचा हिशेब कोणीच मांडत नाही, त्या श्रमाचे फळ कोणाच्या खात्यावर जमा होते हे पाहणे, हेच तर समाजवादी अर्थविचाराचे पहिले काम आहे. त्या दृष्टीने पाहिले तर घरातील सुई ही फार बोलकी वस्तू आहे.

पनवेल हे मूळचे बाजाराचे आणि हातकामाचे गाव. १८५२ साली येथे नगरपालिका आली. घाटावरून उतरणाऱ्या गाड्या येथे थांबत, आणि गाडीची चाके बनविण्याबद्दल या गावाची ख्याती होती. सुतार, लोहार, शिंपी यांचे हातकाम रस्त्यावरून दिसे. त्याला दाम मिळे. त्याच गावाच्या घरांतून चालणारे दुसरे हातकाम मात्र रस्त्यावरून दिसत नसे. बाळंतिणीच्या खोलीत आधीच करून ठेवलेली धुवट लुगड्याची दुपटी, मांजरपाटाची झबली, कुंची आणि टोपडी. आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी. संक्रांतीला बोरन्हाणासाठी शिवलेले काळे झबले आणि हलव्याचे दागिने. थोरल्याची विजार उसवून धाकट्यासाठी बेतलेली चड्डी. दिवाळीत कामट्या आणि पतंगी कागद यांचा आकाशकंदील. उन्हाळ्यात ताडगोळ्याच्या सालींची चाके लावून केलेली गाडी. आणि बारा महिने कुठल्यातरी कोनाड्यात बसलेली चिंध्यांची बाहुली. या उत्पादनाची नोंद ना नगरपालिकेच्या दफ्तरात झाली, ना जकातीच्या नाक्यावर.

ही यादी गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी दिलेली नाही. नेसते लुगडे विरले की त्याला दंड घालायचा, दंड घातलेलेही फाटले की त्याची दुपटी करायची, दुपटी झिजली की त्यांच्या चिंध्या गोधडीत घालायच्या, हा क्रम हौसेने नव्हे तर कापडाच्या टंचाईने घालून दिला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, तेव्हा तर पांढरपेशा घरांनाही या क्रमातून सुटका उरली नाही. कातकरी वाडीवर आणि भूमिहीनांच्या झोपडीत शिल्लक राहण्याइतके जुने कापडही क्वचितच असे. गोधडीच्या टाक्यांत माया असते हे खरे. पण तिच्या अस्तरात अभावही असतो. ज्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, त्यांनी स्वतः चिंध्यांचे वस्त्र पांघरले. पण कीर्तनातून सांगितले ते मुलांना शाळेत घाला म्हणून, चिंध्या जपून ठेवा म्हणून नव्हे. हातच्या वस्तूंविषयी बोलताना आपणही हा विवेक सोडता कामा नये.

पहिला हिशेब : आईचा

अर्थशास्त्राच्या वर्गात पिगूचे एक उदाहरण दरवर्षी सांगावे लागे. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणविषयक अर्थशास्त्राच्या ग्रंथात या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर हात तेच आणि स्वयंपाक तोच असूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते. विद्यार्थी हसत. मग त्यांना विचारावे लागे की, तुमच्या आईने तुमच्यासाठी शिवलेला सदरा राष्ट्राच्या कोणत्या खात्यात गेला? या प्रश्नावर हसणे थांबत असे.

उत्तर सरकारी कागदावर अगदी स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्या देशातील रोजगार-पाहणीत प्रत्येक व्यक्तीला तिच्या कामानुसार एक सांकेतिक क्रमांक मिळतो. केवळ घरकाम करणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक ९२. घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, भाजीपाला, वैरण गोळा करणारी, शिवणारी, विणणारी व्यक्ती असेल तर तिचा क्रमांक ९३. हे दोन्ही क्रमांक ‘श्रमशक्तीबाहेर’ या सदरात पडतात. आता त्याच घरातील तीच स्त्री त्याच यंत्रावर तेच झबले दुकानदारासाठी शिवू लागली, की तिचा क्रमांक ११ होतो आणि एका रात्रीत ती कामगार ठरते. कापड बदलले नाही, टाका बदलला नाही, झबले घालणारे मूलही त्याच वयाचे. बदलले ते एवढेच की वस्तू बाजारात गेली. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीने घरच्या वापरासाठी केलेल्या वस्तूंचे उत्पादनही, अगदी शिवणकामासकट, उत्पादनाच्या कक्षेत धरावे असे तत्त्वतः मान्य केले. तरी शिवणारी बाई आपल्या गणतीत श्रमशक्तीच्या उंबरठ्याबाहेरच उभी आहे.

हा केवळ आकड्यांचा काथ्याकूट नव्हे. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही आणि घरातल्या माणसांच्या मनातही त्याला किंमत राहत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत २०१९ साली असे दिसले की, घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ती करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली म्हणून समाधान मानावे, तर पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे काढून घेतली आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सुई ही स्वभावतः बायकांची वस्तू नाही. बाजारात शिंपी हा पुरुषच असतो, आणि संत नामदेव हे शिंप्याच्या घरचे. सुई आणि दोरा यांचे रूपक त्यांनी भक्तीसाठी वापरले. म्हणजे ज्या ठिकाणी टाक्याला दाम आहे तेथे सुई पुरुषाच्या हातात शोभते, आणि ज्या ठिकाणी दाम नाही तेथे ती बाईच्या हातात जाते व तिला ‘उपजत आवड’ असे नाव पडते. ही श्रमविभागणी निसर्गाने केलेली नाही. ती मालकीने आणि मोबदल्याने केलेली आहे.

दुसरा हिशेब : घरबसल्या कामगाराचा

मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतील कितीतरी कोकणातले होते, आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर गावची घरे चालत. संपाचा आणि त्यानंतरच्या गिरणीबंदीचा राजकीय इतिहास या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. परंतु त्याची एक बाजू अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही. गिरणीचा भोंगा थांबला आणि अनेक कामगारांच्या खोल्यांतून शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला. जो संसार संघटित कामगाराच्या पगारावर उभा होता, त्याचा भार घरबसल्या काम करणाऱ्या बाईच्या मजुरीवर आला. गिरणीत हजेरीपट होता, भत्ता होता, युनियन होती. खोलीत यांतले काहीच नव्हते.

आज पनवेलच्या जुन्या वस्त्यांतून आणि सिडकोने उभारलेल्या नगरांतून फिरणाऱ्या कार्यकर्त्याला हे दृश्य नवे नाही. कापलेल्या तुकड्यांचे गाठोडे येते; काज-बटण, टिकल्या, लेस, धागे कापणे अशी कामे नगावर दिली जातात. यंत्र तिचे, जागा तिची, वीज तिची, मोडलेली सुईही तिची. नग नापास झाला तर तोटा तिचा. नफा मात्र ज्याने गाठोडे पाठविले त्याचा. कारखानदाराने भिंती, दिवे आणि मुकादम यांचा खर्च वाचविला, तो या बाईने उचलला. तिला आपला मालक कोण हेही पुष्कळदा ठाऊक नसते. ठाऊक असतो तो गाठोडे आणणारा मध्यस्थ, आणि बहुधा तोही त्याच गल्लीतला.

अशा कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार संमत केला. त्याचे तत्त्व साधे आहे : घरी काम करणाऱ्याला अन्य कामगारांच्या बरोबरीची वागणूक. भारताने या करारास अद्याप मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात ‘घरी काम करणारा कामगार’ अशी व्याख्या आली, हे पुढचे पाऊल खरे. पण व्याख्येने नगाचा दर ठरत नाही. दर ठरतो तो संघटनेने. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ची स्थापना केली आणि पुढे गिरणीच्या चिंध्यांपासून गोधड्यांचे अभ्रे शिवणाऱ्या बायकांनाही संघटित केले. ज्यांना कामगार मानावयास कोणी तयार नव्हते, त्यांनी एकत्र येऊन दराचा प्रश्न मांडला. हे समाजवादी कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावे असे उदाहरण आहे.

याउलट आपल्याकडे रूढ झालेला मार्ग कोणता? शिवणयंत्राचे वाटप. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०९ साली, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा विधवेला वा परित्यक्तेला शिवणकाम शिकविणे ही सामाजिक बंडखोरी होती. घराच्या चौकटीत अडकलेल्या स्त्रीला स्वतःचे चार पैसे मिळविण्याचा तो पहिला दरवाजा होता. त्या घटनेला शंभराहून अधिक वर्षे झाली. आज निवडणूक जवळ आली की सर्वपक्षीय व्यासपीठांवर यंत्रांच्या रांगा लागतात, हार घातले जातात, छायाचित्रे निघतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतही शिंपीकाम आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनविणे हे अठरा व्यवसायांपैकी दोन आहेत, आणि अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांचे साहाय्य आहे. अवजार मिळावे यास कोणाचा विरोध असणार? परंतु अवजार दिले आणि बाजार, दर व संघटना यांतले काहीच दिले नाही, तर आपण त्या बाईला स्वावलंबी करीत नाही. गाठोडे पाठविणाऱ्याला फुकटचा कारखाना बांधून देतो.

यंत्राविषयी गांधीजींचे एक संभाषण येथे आठवते. १९२४ साली जी. रामचंद्रन यांनी त्यांना विचारले की, आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? त्यावर गांधीजींनी जे अपवाद सांगितले त्यांत सिंगरचे शिवणयंत्र होते. पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते निर्माण केले, लोभाने नव्हे तर प्रेमाने, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षातील सिंगर हा नफ्यावर नजर ठेवणारा कारखानदार होता. १८५१ साली त्याने एकस्व मिळविले आणि हप्त्यांनी यंत्रे विकून मोठा धंदा उभारला. पण संभाषणाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. शिवणयंत्र करावयाचे तर त्यासाठी मोठा कारखाना लागेलच, असा प्रतिप्रश्न आला, तेव्हा असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा नियंत्रणाखाली असावेत असे म्हणण्याइतके समाजवादी आपण आहोत, असे गांधीजींनी उत्तर दिले. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणाच्या मालकीचे आणि कोणासाठी चालते, हा पुरा प्रश्न आहे.

तयार कपडे आणि वेळेची गरिबी

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. आज पनवेलच्या बाजारात लहान मुलाचा तयार कपडा घरी शिवण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त मिळतो. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी हार्बरची गाडी सव्वा तासाहून अधिक घेते. सकाळी डबे भरून ती गाडी गाठणाऱ्या आणि रात्री परतून पुन्हा चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रीने आता झबलीही शिवावीत, बाहुल्याही कराव्यात, असे सांगणारा माणूस हस्तकलेचा मित्र असेल; तिचा मित्र खचित नव्हे. घरचे हातकाम टिकवा, या सात्त्विक उपदेशाचा बोजा अखेर कोणाच्या पाठीवर पडतो, हे विचारल्यावाचून तो उपदेश करू नये.

परंतु तयार कपडा स्वस्त का मिळतो, हेही विचारावयास हवे. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेंहून अधिक माणसे मरण पावली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणारे कामगार होते, आणि त्यांतही स्त्रिया अधिक होत्या. श्रीमंत देशांतील मुलांच्या अंगावरचे कपडेही तेथे शिवले जात. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसले होते, तरी कामगारांना आत पाठविण्यात आले. कपडा स्वस्त असतो तेव्हा त्याची किंमत कोणीतरी अन्यत्र भरीत असते. कधी ढाक्याजवळ, कधी आपल्याच गल्लीत. म्हणून घरी शिवलेले पवित्र आणि विकतचे पापी, अशी वाटणी करून भागणार नाही. दोन्हींकडे प्रश्न एकच आहे : शिवणाऱ्याला आपल्या वेळेचा मोबदला आणि मान मिळतो काय?

तिसरा हिशेब : मुलाचा

आतापर्यंत मूल हे केवळ झबले घालणारे होते. पण सुई कधीतरी मुलाच्याही हातात येते, आणि खरा कस तेथे लागतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बुनियादी शिक्षणाचा आराखडा तयार केला. हाताच्या कामातून ज्ञान, हे त्याचे सूत्र. पुढे कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला. कागदावर हा वारसा मोठा आहे. व्यवहारात मात्र कार्यानुभवाचा तास अन्य विषयांचे पाठ पुरे करण्यासाठी वापरला जातो, आणि ‘प्रकल्प’ म्हणून जे मागविले जाते ते स्टेशनरीच्या दुकानातून विकत आणून रात्री आई पुरे करते. गुण मुलाला, श्रम आईचे. आणखी एक दोष जुना आहे. पुष्कळ शाळांतून मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी होती. श्रमप्रतिष्ठेचा पाठ देतानाच आपण श्रमाला लिंग चिकटवून दिले.

याहून वेगळा मार्ग याच किनारपट्टीवर दाखविला गेला. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने गरिबांच्या बालवाडीला परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, बिया, शंख-शिंपले, पाने, काड्या यांतून साधने केली आणि बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अलीकडच्या काळात अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या ‘आयुका’तील विज्ञान केंद्रात काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करून विज्ञान शिकविले. या दोन्ही प्रयोगांत हाताने केलेली वस्तू ही शोभेची नाही. विचार करण्याचे ते साधन आहे. घडी कोठे पडते, टाका का उसवतो, दोन तुकडे जोडले तर तिसरा आकार कसा होतो, हे ज्याच्या बोटांना कळले त्याला भूमितीही लवकर कळते. शिवाय आपल्या अंगावरची प्रत्येक वस्तू कोणाच्यातरी तासांनी बनलेली आहे, हे त्याला पाठ करावे लागत नाही.

पण मुलाच्या हातातील हीच सुई दुसरीकडेही वळते. गाठोडे घरी आले की आई शिवते आणि मूल धागे कापते, बटणे मोजते, टिकल्या ओवते. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना सर्व व्यवसायांत कामावर ठेवण्यास बंदी आली, हे चांगले झाले. पण त्याच दुरुस्तीने एक खिडकी उघडी ठेवली : शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मुलाने आपल्या कुटुंबाला वा कुटुंबाच्या व्यवसायाला, तो धोक्याचा नसेल तर, मदत करण्यास हरकत नाही. ऐकावयास हे किती सोज्ज्वळ वाटते! परंपरेने कला मुलाकडे जावी, यात वाईट काय? वाईट हे की, घरबसल्या कामाच्या बाबतीत ‘कुटुंबाचा व्यवसाय’ हा पुष्कळदा कुटुंबाचा नसतोच. तो गाठोडे पाठविणाऱ्याचा असतो. मग आईला मिळणाऱ्या तुटपुंज्या दरात मुलाचे तासही फुकट जमा होतात, आणि कायदा त्याला ‘मदत’ म्हणतो.

मुलाचे हातकाम आणि मुलाची मजुरी यांतील रेषा कशी ओळखावी? कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. केलेली वस्तू कोणाची राहते? मुलाला कंटाळा आला तर ते काम टाकून उठू शकते काय? आणि ते काम न झाले तर घरात कोणाची भाकरी अडते काय? बाहुली मुलाची राहते, अर्धी टाकून ते खेळावयास पळते आणि कोणाचेही काही अडत नाही, तेव्हा ते शिक्षण आहे. नग दुसऱ्याचा, उठण्याची मोकळीक नाही आणि घरची भाकरी त्यावर टांगलेली, तेव्हा ती मजुरी आहे. मग ते काम आईच्या मांडीशी बसून का होईना.

आपण काय करावे?

पहिले काम दरांचे. वस्तीतील प्रत्येक शाखेने घरबसल्या शिवणाऱ्या स्त्रियांची यादी करावी आणि कोणत्या कामाला नगामागे काय मिळते याची नोंद ठेवावी. एका गल्लीत एक दर आणि शेजारच्या गल्लीत दुसरा, ही माहिती त्या स्त्रियांना एकमेकींकडून कळणे हीच संघटनेची सुरुवात असते. यंत्र वाटण्याचा कार्यक्रम कोणाला करावयाचाच असेल, तर त्यासोबत सहकारी संस्था नोंदवावी. नुसते यंत्र देऊन थांबू नये.

दुसरे काम सार्वजनिक मागणीचे. मुलांच्या गणवेशांचे शिवणकाम हे स्थानिक स्त्रियांना मिळू शकेल असे सर्वांत मोठे काम आहे. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्र शासनाने ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आणली. कापड मध्यवर्ती खरेदीचे आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचतगटांकडे. हेतू चांगला दिसला. पण शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत, मापे चुकली, आणि शिलाईचा दर परवडत नसल्याची तक्रार बचतगटांनी केली. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. यातून बायकांना काम देऊ नये असा धडा घेणे चुकीचे ठरेल. धडा हा की मंत्रालयात बसून मुलाचे माप घेता येत नाही आणि परवडत नाही अशा दराला ‘सक्षमीकरण’ म्हणून चालत नाही. आता निर्णय शाळेच्या समितीकडे आहे आणि त्या समितीत पालक आहेत. पनवेल तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या समितीत आपल्या माणसांनी आग्रह धरावा की, शिलाईचे काम त्याच गावच्या वा वस्तीच्या शिवणाऱ्या स्त्रियांच्या गटाला, वाजवी दराने आणि वेळेवर पैसे देऊन, मिळावे.

तिसरे काम सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत कठीण. सुई पुरुषाच्या हातात देण्याचे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत १९४१ पासून मुलेमुली एकत्र खेळली, एकत्र गायली. आता शिबिरांत प्रत्येकाने, मुलग्यानेही, आपले तुटलेले बटण स्वतः लावावे आणि उसवलेले स्वतः शिवावे, असा नियम असावा. पनवेल तालुक्यातच, तारा येथे, १९६१ साली स्थापन झालेल्या युसुफ मेहेरअली सेंटरने ग्रामोद्योगांचे काम चालविले आहे. तेल, साबण, मातीची भांडी यांतून हाताच्या कामाला अर्थ देण्याची ती परंपरा जी. जी. परीख यांनी शंभरीपर्यंत जपली. २ ऑक्टोबर २०२५ रोजी ते गेले. अशा ठिकाणी वस्तीतील मुलांना रविवारी नेता येईल. पक्षाच्या कार्यालयातही आठवड्यातून एक संध्याकाळ गावातला शिंपी, सुतार, गोधडी शिवणारी आजी यांना मानधन देऊन बोलवावे. मानधन देऊनच, फुकट नव्हे. ज्ञान देणाऱ्या हातांना दाम द्यायचा असतो, हेही मुलांनी पाहिले पाहिजे.

आणि चौथे काम ज्याने त्याने आपापल्या घरी करावयाचे. सभेत स्त्रीमुक्तीवर बोलून रात्री घरी आलेल्या कार्यकर्त्याचा सदरा कोण शिवते, मुलाच्या शाळेतला कागदी आकाशकंदील कोण पुरा करते आणि त्यासाठी कोणाची झोप जाते, याचे उत्तर त्याला कोणत्याही राष्ट्रीय पाहणीत शोधावे लागणार नाही. ८८ मिनिटांचा आकडा सरकारच्या हुकमाने वाढणारा नाही. तो आपल्या घरात वाढला तरच वाढेल. बापाने मुलाशेजारी बसून शिवलेली वाकडीतिकडी बाहुली राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाणार नाही. पण त्या घरातील मुलाला श्रमाची वाटणी नव्याने समजेल, आणि उद्याचे दर ठरविताना तेच मूल शिवणाऱ्याच्या बाजूने उभे राहील.